बारामती-इंदापूरचा द्राक्षपट्टा: बाग, वाइनरी आणि वारीची वाट

वाइनच्या गावात पाहुणा म्हणून जायचे म्हटले की डोळ्यांसमोर युरोप येतो. पोर्तुगालमधले दोरू नदीचे खोरे हे त्याचे ठळक उदाहरण. डोंगर उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, त्यावर द्राक्षवेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी सुरू झाली की गावोगाव गर्दी. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून पाटसला उजवीकडे वळले, तर दोन-अडीच तासांत असाच एक द्राक्षपट्टा लागतो. तो दौंडच्या कडेपासून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून नीरा नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजपर्यंत जातो. इथे खायची द्राक्षे पिकतात, वाइनची पिकतात, वाइनरी आहेत, शेतावर राहण्याची सोय आहे. शिवाय दरवर्षी आषाढात याच वाटेने संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरला जाते.

हा पट्टा कसा तयार झाला, तिथे काय पाहायला मिळते, कधी जावे आणि द्राक्ष बागायतदाराच्या दृष्टीने या पाहुणचाराला काय अर्थ आहे, हे या लेखात पाहू.

कोरड्या मुलखात द्राक्ष कसे आले?

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम सुरू झाले आणि १८८० च्या दशकात या भागात कालव्याचे पाणी फिरले. त्यामागे भाटघर धरणाचा साठा होता. पाण्याबरोबर ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगरची साखर वसाहत उभी केली. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने झाले. १९८० नंतर भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे इंदापूरच्या उत्तर भागालाही पाणी मिळाले.

पण कालव्याचे पाणी सगळ्यांना सारखे पोचले नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आणि वरच्या माळरानावर पाणी कमी पडत राहिले. शिवाय वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिलेल्या जमिनी खारवट आणि चोपण होत गेल्या. अशा ठिकाणी उसापेक्षा कमी पाण्यात येणारे आणि एकरी जास्त पैसे देणारे पीक हवे होते. ठिबक सिंचन, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आणि खारवट पाणी सोसणारे खुंट उपलब्ध झाले, तेव्हा डाळिंबाबरोबर द्राक्षाने जम बसवला. इंदापूर तालुक्यातील बोरी आणि आसपासची गावे आज प्रामुख्याने द्राक्षांसाठी ओळखली जातात. तिथल्या टपोऱ्या काळ्या द्राक्षांना परदेशातूनही मागणी असते.

या भागात शेतीच्या संशोधनाचीही सोय झाली. बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ पासून काम करतो. त्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि जानेवारीतले कृषिक प्रदर्शन राज्यभरातून शेतकरी खेचते. माळेगाव खुर्द येथे दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांवर काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला आहे, म्हणजे याच सोलापूर रस्त्यावर.

एक वेल, दोन छाटण्या

युरोपात हिवाळ्याच्या थंडीत द्राक्षवेल पाने टाकून झोपी जाते. वसंतात फुटते आणि शरदात फळ देते. तिथे वर्षाला एक मुख्य छाटणी पुरते. महाराष्ट्रात वेलीला झोपवणारी थंडी पडत नाही. वेल वर्षभर वाढतच राहते. म्हणून इथल्या बागायतदारांनी वेगळी पद्धत बसवली: दोन छाटण्या, पण पीक एकच.

पहिली छाटणी एप्रिलच्या सुमाराला. तिला खरड छाटणी म्हणतात. जुन्या काड्या काढून ओलांडे मोकळे केले जातात आणि नव्या काड्या वाढवल्या जातात. उन्हाळ्यात, छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, या काड्यांच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वर्षाचे उत्पन्न तिथेच ठरते. त्या काळात ढगाळ हवा राहिली किंवा पाऊस लांबला, तर घडांची संख्या घटते.

दुसरी, म्हणजे गोडी किंवा फळछाटणी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. ही छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. त्यानंतर फूट विरळणे, घड विरळणे, मणी विरळणे, मण्यांची लांबी आणि फुगवण वाढवण्यासाठी घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, अशी कामे एकामागून एक येतात. ही सगळी हाताची कामे असल्याने मजुरांच्या टोळ्या बागेतच मुक्काम करतात. छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी, जानेवारी ते एप्रिल या काळात काढणी होते.

बागेत फिरताना लक्ष द्यावे अशी एक गोष्ट जमिनीलगत असते. खोडावर हातभर उंचीवर एक गाठ दिसते. तिच्या खालचा भाग एका जातीचा आणि वरचा दुसऱ्या जातीचा. खाली डॉगरिजसारखा अमेरिकी मूळ असलेला खुंट, वर थॉमसन, सोनाका, शरद अशा जातीचे कलम. युरोपात ही युक्ती १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आली. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सपासून पोर्तुगालपर्यंतच्या बागा मुळांपासून खाल्ल्या. शेवटी त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या मुळांवर युरोपी जातींची कलमे बांधून बागा वाचवल्या. महाराष्ट्रात खुंट मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी वापरला जातो. कारण वेगळे असले, तरी गाठ तीच आहे.

खायचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष

दोन्ही बागा शेजारी असल्या तरी त्यांचे हिशेब उलटे असतात. खायच्या द्राक्षात मणी मोठा, साल पातळ, बी नाही आणि घड देखणा लागतो. वाइनच्या द्राक्षात मणी बारीक, साल जाड आणि बहुतेक वेळा बी असते. रंग, वास आणि तुरटपणा सालीतून व बीतून येतो, म्हणून गरापेक्षा सालीचे प्रमाण जास्त असलेले बरे.

खायच्या द्राक्षात साखर १६ ते १८ ब्रिक्सपर्यंत पुरते. वाइनसाठी ती २२-२४ पर्यंत चढू देतात, कारण या साखरेचेच आंबवण्यात मद्यार्क होते. खायच्या द्राक्षात एकरी दहा टन आणि त्याहून जास्त माल घेतला जातो. वाइनसाठी मुद्दाम कमी घड ठेवून एकरी चार-पाच टनांवर थांबतात. वेलीवर ओझे जास्त झाले तर रस पाणचट होतो. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात.

मांडणीतही फरक दिसतो. खायच्या द्राक्षासाठी मांडव किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखी तारांची रचना असते, म्हणजे पानांच्या सावलीत घड लोंबतात आणि उन्हाने करपत नाहीत. वाइनच्या बागेत सरळ उभ्या ओळी असतात. पोर्तुगालच्या वायव्येला, व्हिन्यो व्हेर्दे या भागात, वेली पूर्वापार उंच मांडवावर किंवा झाडांवर चढवल्या जात आणि खालच्या जमिनीत मका-भाजी घेतली जाई. त्या मांडवाखाली उभे राहिल्यास इंदापूरच्या बागायतदाराला परके वाटणार नाही.

या पट्ट्यातल्या वाइनरी

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात पुणे जिल्ह्यातच झाली. १९८० च्या दशकात नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसती वाइन करणारा इंडेजचा कारखाना उभा राहिला. बारामतीजवळ पिंपळी येथे बारामती ग्रेप इंडस्ट्रीजने इटलीच्या बोस्का या नावाने वाइन बाजारात आणली.

पुढचा टप्पा २००१ चा. त्या वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि नाशिकमध्ये विंचूर व सांगलीत पलूस येथे वाइन पार्क आखले. त्यानंतरच्या काही वर्षांत पाटस-बारामती रस्त्यावर रोटी गावाजवळ फोर सीझन्स ही वाइनरी झाली. युरोपातल्या हवेलीसारखी दगडी इमारत, भोवती वाइनच्या द्राक्षांच्या ओळी आणि पाहुण्यांसाठी खोल्या असे तिचे रूप. युनायटेड स्पिरिट्सने उभारलेली ही वाइनरी नंतर ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. त्याच सुमारास नीरेच्या पलीकडे, अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली ही वाइनरी सुरू झाली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांच्या भागीदारीवरून हे नाव आले. सांजोव्हेजे ही इटलीची प्रसिद्ध काळी जात या बागेत माळशिरसच्या मातीत वाढते.

वाइनरीत पाहुण्यांना साधारण एकाच क्रमाने फिरवतात. आधी बाग, मग द्राक्षे उतरवण्याची जागा, देठ वेगळे करणारे यंत्र, दाबयंत्र आणि स्टीलच्या थंड ठेवलेल्या टाक्या. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लालसाठी रस सालीसकट आंबवतात, म्हणून रंग येतो. त्यानंतर ओकच्या लाकडी पिंपांचे गार तळघर आणि शेवटी चव घेण्याची खोली. जानेवारी ते मार्च यंत्रे चालू असतात. एरवी टाक्या शांत दिसतात. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची अट २१ वर्षे आहे.

महाराष्ट्रात पोर्ट वाइन म्हटले की गोव्याची गोड लाल वाइन आठवते. मूळ पोर्ट ही दोरू खोऱ्यातलीच. आंबवण्याच्या मध्येच तिच्यात द्राक्षापासूनचे कडक मद्य मिसळतात. त्यामुळे आंबणे थांबते आणि साखर शिल्लक राहते. पोर्टचे नाव वाटेल तिथल्या वाइनला लावले जाऊ नये म्हणून १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी खोऱ्याची हद्द ठरवली आणि तिथे दगडी खांब रोवले. कायद्याने हद्द आखलेल्या जगातल्या सुरुवातीच्या वाइनप्रदेशांत दोरू गणला जातो. २००१ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला.

वारीची वाट

दोरू खोऱ्याजवळच्या लामेगो गावात सप्टेंबरच्या सुरुवातीला मेरीमातेची मोठी यात्रा भरते, आणि त्याच दिवसांत द्राक्षतोडणीही सुरू होते. यात्रा, तोडणी आणि वाइन तिथे एकाच हंगामात येतात. बारामती-इंदापुरात तसे नाही.

इथली सर्वात मोठी यात्रा म्हणजे आषाढी वारी. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी रोटीचा घाट चढून उंडवडी गवळ्याची मार्गे बारामतीला येते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ आपली मेंढरे पालखी रथाभोवती पळवतात. पुढे बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण, निमगाव केतकीचा मुक्काम, इंदापूरचे रिंगण, आणि सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांचे स्नान. मग पालखी अकलूजमार्गे सोलापूर जिल्ह्यात जाते.

म्हणजे वारीची वाट दोन्ही वाइनरींच्या परिसरातून जाते. माळकरी वारकरी दारूला शिवत नाही, आणि आषाढी एकादशीला राज्यात दारूची दुकाने बंद असतात. त्या वेळी बागेत फळही नसते. एप्रिलच्या छाटणीनंतरच्या हिरव्या काड्या तेवढ्या वाढत असतात. त्यामुळे द्राक्षाचा हंगाम आणि श्रद्धेचा हंगाम इथे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

पण वाइनविषयीची अढी खरी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळेल, अशी सरकारची बाजू होती. वाइन ही दारूच आणि ती घरच्या सामानाच्या दुकानात नको, अशी विरोधकांची. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. द्राक्षाला मात्र देवळात मान आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हंगामात द्राक्षांची आरास केलेली अलीकडे अनेकदा पाहायला मिळाली आहे.

बागेबरोबर आणखी काय पाहावे?

द्राक्षाचा हंगाम आणि भिगवणच्या पक्ष्यांचा हंगाम एकच आहे. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार पहाटे होडीतून ते दाखवायला नेतात. दुपारी भिगवणला ताज्या माशांचे जेवण मिळते.

बारामती तालुक्यातले मोरगाव हे अष्टविनायकांपैकी पहिल्या गणपतीचे ठिकाण. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात. बारामती शहरात कऱ्हेच्या काठी जुनी देवळे आहेत. कवी मोरोपंत यांचे बहुतेक आयुष्य याच गावात, नाइकांच्या आश्रयाने गेले. इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूरचे देऊळ लागते. निमगाव केतकीचे पानमळे पाहण्यासारखे. खाण्याची पाने पिकवणाऱ्या या वेलीही सावलीत, आधारावर चढवाव्या लागतात.

शेतावरचा मुक्काम

शेतावर पाहुणे ठेवण्याच्या व्यवसायाला महाराष्ट्रात रूप आले ते याच तालुक्यातून. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन विकास महामंडळ या खासगी संस्थेमार्फत बारामतीजवळच्या पळशीवाडीत पहिले केंद्र चालवले. सकाळी बैलगाडी, शेतात फेरी, हुरडा, चुलीवरची भाकरी, संध्याकाळी भजन किंवा लोककला, असा साधा दिनक्रम. आता हे राज्यभर पसरले आहे. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र चालवता येते.

बागायतदारासाठी याचा अर्थ

द्राक्ष हे भांडवल खाणारे पीक आहे. मांडव, तारा, ठिबक, खुंट-कलमे यांचा खर्च आधी करावा लागतो आणि पहिले चांगले पीक यायला दोन-तीन वर्षे जातात. फुलोऱ्यात एक दिवस पाऊस झाला की डाऊनी पसरतो आणि फवारण्या वाढतात. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की मणी तडकतात, आणि वर्षाचा खर्च एका रात्रीत जातो. निर्यातीत औषधांच्या अंशाची तपासणी काटेकोर असते. २०१० मध्ये वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते आणि फटका शेतकऱ्यांना बसला. वाइनच्या द्राक्षाला करार असतो, पण कारखाना अडचणीत आला तर करार कागदावर राहतो. २००८ च्या मंदीनंतर राज्यात अनेक वाइनरी बंद पडल्या, आणि वाइनच्या जाती खायच्या बाजारात विकता येत नसल्याने शेतकऱ्यांना बागा काढाव्या लागल्या. प्लॅस्टिकचे आच्छादन पावसापासून वाचवते, पण त्याचा एकरी खर्च लहान बागायतदाराला पेलत नाही. म्हणून आज काही जण द्राक्ष काढून पुन्हा उसाकडे वळतात, म्हणजे जास्त पाणी पिणाऱ्या पिकाकडे.

दोरू खोऱ्यात बाग पाहायला येणारा पाहुणा जेवणाचे, मुक्कामाचे आणि बाटलीचे पैसे थेट गावात ठेवून जातो. बारामती-इंदापुरात हे अजून मोजक्याच ठिकाणी घडते. वाइनरीत आलेला पाहुणा बहुधा वाइनरीतूनच परत फिरतो. शेजारच्या बागायतदाराच्या बांधावर तो उतरला, दोन पेट्या त्याच्याकडून घेतल्या आणि तिथेच जेवला, तर व्यापाऱ्याच्या दरावर आणि फेब्रुवारीच्या ढगांवर न टांगलेले थोडे उत्पन्न त्या घराला मिळते. बाग टिकवायला तेवढे पुरत नाही, पण वाईट वर्षी मजुरीचे पैसे त्यातून निघू शकतात.

जायचे असेल तर

* काढणी आणि वाइनरीचे काम: जानेवारी अखेर ते मार्च. भिगवणचे पक्षीही याच काळात.
* छाटणी: ऑक्टोबर. बाग उघडीबोडकी दिसते, पण काम समजून घ्यायला उत्तम.
* वारी: आषाढ, म्हणजे जून-जुलै. रस्ते पालखीसाठी वळवलेले असतात. वेळापत्रक पाहून निघावे.
* अंतर: पुण्याहून बारामती साधारण १०० किलोमीटर, इंदापूर १४० च्या आसपास. बारामती ते इंदापूर सुमारे ५० किलोमीटर.
* बागेत शिरताना: मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. फवारणी ताजी असू शकते. घड हाताळू नये, कारण मण्यावरची पांढुरकी लव पुसली गेली की बाजारात भाव कमी होतो.